ढेपेचा सौदा झाला कुठे?

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या गिरधारीलाल पुरुषोत्तमदास या पेढीचा खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी टेलिफोनवर सरकीच्या ढेपेचा सौदा झाला. ढेप मिळाली नाही, असे सांगत पेढीने अहमदाबादच्या नगर दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावकरांनी मालाचे पुढे काय ते बाजूला ठेवले आणि आधी न्यायालयावरच बोट ठेवले. सौदा आमच्या गावी ठरला, माल आमच्या गावी द्यायचा होता, पैसेही आमच्याच गावी घ्यायचे होते. मग अहमदाबादच्या न्यायालयाचा यात संबंध काय? न्यायालयाने वस्तुस्थितीचे मुद्दे पाहिले आणि ते बहुतेक त्यांच्याच पदरात टाकले. खरेदीचा प्रस्ताव अहमदाबादहून आला होता, होकार खामगावातून दिला गेला होता, माल आणि पैसा दोन्हींचे ठिकाण खामगावच होते. तरीही दावा अहमदाबादेतच चालेल, असा निकाल झाला. कारण खामगावात उच्चारलेला होकार ऐकला गेला तो अहमदाबादेत. गुजरात उच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायचे नाकारले आणि ३० ऑगस्ट १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तोच निर्णय कायम केला. फोन झाला तेव्हा खामगाव आणि अहमदाबाद ही दोन्ही गावे द्विभाषिक मुंबई राज्यातच होती. निकाल लागेपर्यंत मधून राज्याची सीमा गेली होती, आणि वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याला परराज्यात वकील लावणे भाग पडले होते.

प्रस्ताव आणि स्वीकृती हा करार कायद्याचा पहिला धडा. कायद्याच्या प्रत्येक वर्गात तो पहिल्या आठवड्यात संपतो आणि बहुतेकांच्या डोक्यात एक सोपे चित्र सोडून जातो: एकाने म्हटले ‘देतो’, दुसऱ्याने म्हटले ‘घेतो’, दोघांची मने जुळली, करार झाला. या विषयाची ओळख करून देताना मला मांडायचे आहे ते असे, की हे चित्र अपुरे आहे आणि काही ठिकाणी दिशाभूल करणारे आहे. मने जुळली का, हा प्रश्न न्यायालयापुढे क्वचितच येतो. येतो तो वेगळाच: निरोप वाटेत अडकला, उशिरा पोचला, अर्धवट ऐकला गेला किंवा पोचलाच नाही, तर त्याचा फटका कोणी सोसायचा? प्रस्ताव कधी संपतो, स्वीकृती कधी पुरी होते, करार कुठे होतो, हे सगळे नियम त्या फटक्याची वाटणी करतात. तसे ते वाचले, की इंग्लंडचे दोनशे वर्षांचे उलटसुलट वाटणारे निकाल एका धाग्यात येतात. आणि खामगावच्या निकालात नेमके कुठे बोट ठेवायचे, तेही दिसते.

सुरुवात लोकरीच्या एका पत्राने होते. २ सप्टेंबर १८१७ रोजी सेंट आइव्ह्‌जच्या लिंडसेल या लोकर व्यापाऱ्यांनी ब्रोम्सग्रोव्हच्या अ‍ॅडम्स यांना पत्राने लोकर देऊ केली आणि उत्तर टपालाने मागितले. पत्त्यावर परगणा चुकीचा लिहिला गेला. पत्र भलतीकडे फिरून ५ तारखेच्या संध्याकाळी पोचले. अ‍ॅडम्सनी त्याच संध्याकाळी होकार टपालात टाकला. तो ९ तारखेला पोचला. तोवर ८ तारखेला लिंडसेलनी, उत्तर येत नाही म्हणून, लोकर दुसऱ्याला विकली होती. १८१८ मध्ये न्यायालयाने ठरवले, की होकार टपालात पडला तेव्हाच करार झाला. कारण असे दिले, की होकार पोचल्याची पोच, मग त्या पोचेची पोच, असे करत बसलो तर टपालाने करार कधी होणारच नाही. तर्क चतुर आहे, पण पटण्यासारखा नाही. होकार हाती पडताच करार झाला असे म्हटले असते, तरी ही साखळी तिथेच तुटली असती. निकालामागचा खरा न्याय मला तपशिलात दिसतो: पत्ता विक्रेत्यानेच चुकवला होता. मने जुळण्याचा सिद्धान्त इथे उपयोगी पडतच नाही. अ‍ॅडम्स होकार देत होते तेव्हा लिंडसेलच्या मनात काय होते, हे कोणालाच माहीत नव्हते. आणि ८ तारखेला त्यांच्या मनात काय होते, ते तर दुसऱ्याला केलेल्या विक्रीतून उघडच होते. तरीही करार झाला, कारण उशिराचे मूळ ज्याच्या हातात, नुकसान त्याच्या माथी.

पुढे इंग्रजी न्यायालयांनी हाच नियम पत्र पोचलेच नाही अशा प्रसंगालाही लावला. १८७९ मध्ये निकाल लागलेल्या खटल्यात ग्रँट नावाच्या अर्जदाराला एका विमा कंपनीने शेअर वाटप केल्याचे पत्र पाठवले, पण ते त्याला कधी मिळालेच नाही. कंपनी बुडाली आणि त्याच्याकडे शेअरच्या पैशांची मागणी झाली. न्यायालयाने त्याला भागधारक ठरवले. न्यायमूर्ती ब्रॅमवेल यांनी विरोधी मत दिले. जे पत्र पोचलेच नाही त्याला कळवणे कसे म्हणायचे, असा त्यांचा साधा प्रश्न होता. प्रश्न सामान्य माणसाच्या मनातलाच आहे. पण बहुमताच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. ज्याने टपालाची वाट निवडली, त्याला ‘होकार माझ्या हाती पडला तरच मी बांधला जाईन’ असे पहिल्याच पत्रात लिहिता येते. उलट, पत्र पेटीत टाकणाऱ्याला ते वाटेत हरवले हे कळण्याचा मार्ग नसतो. दोघांपैकी धोका टाळणे कोणाला जमण्यासारखे होते, हा प्रश्न विचारला की निकाल कठोर वाटतो, पण आंधळा वाटत नाही.

भारतात याच प्रश्नावर विधिमंडळाने स्वतःचे उत्तर दिले, आणि इथे इंग्रजी पुस्तकांवर वाढलेले आपले बरेच विद्यार्थी अडखळतात. १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झालेल्या करार कायद्याच्या कलम ४ मध्ये एकच क्षण नाही, दोन आहेत. स्वीकारणाऱ्याने होकार आपल्या हातून सोडला, परत घेता येणार नाही असा वाटेला लावला, की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. स्वीकारणारा स्वतः मात्र तो होकार समोरच्याला कळल्यावर बांधला जातो. कलम ५ म्हणते की तोपर्यंत स्वीकृती मागे घेता येते. म्हणजे नागपूरच्या एखाद्याने होकाराचे पत्र पेटीत टाकले आणि रात्री मन बदलून तार केली, तर पत्राआधी पोचलेली तार त्याला सोडवते. इंग्रजी नियम काटेकोर लावला तर ही सुटका मिळायची नाही, कारण तिथे पत्र पेटीत पडताच दोघेही अडकतात. आपला कायदा स्वीकारणाऱ्याला थोडा अधिक सैल सोडतो. ते शहाणपणाचे आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. पण एकाच निरोपाचे दोन माणसांसाठी दोन परिणाम होऊ शकतात, हे या कायद्याने उघड मान्य केले. मने जुळण्याच्या सिद्धान्तात ते बसवायचे कसे? एक मन जुळले आणि दुसरे अजून वाटेत आहे, असे तर म्हणता येत नाही. जबाबदारीच्या वाटणीत मात्र ते चपखल बसते.

१८७२ मध्ये टेलिफोन नव्हता; बेल यांना त्याचे पेटंट मिळाले १८७६ साली. त्यामुळे खामगावच्या खटल्यात न्यायमूर्ती शहा आणि वांछू यांच्या बहुमताने असे धरले, की कायदा रचणाऱ्यांच्या मनात ही वाट असणे शक्यच नव्हते. टपाल आणि तार हे व्यापाराच्या सोयीसाठी केलेले अपवाद. टेलिफोनवर दोघे एका अर्थी समोरासमोरच असतात, म्हणून होकार ऐकला जाईल तिथे करार. हा विचार त्यांनी १९५५ च्या एन्टोर्स खटल्यावरून घेतला. लंडनच्या कंपनीने टेलेक्सवर तांब्याच्या खरेदीचा प्रस्ताव मांडला, होकार अ‍ॅम्स्टरडॅमहून आला, आणि करार लंडनमध्ये झाला असे ठरले. त्या निकालात लॉर्ड डेनिंग यांनी दिलेले उदाहरण आजही वर्गात रंगते. नदीच्या दोन काठांवरून दोघे ओरडून सौदा करत आहेत, होकाराच्या नेमक्या क्षणी डोक्यावरून विमान गेले आणि शब्द ऐकूच आले नाहीत. होकार देणाऱ्याला विमानाचा आवाज कळतो, तेव्हा पुन्हा ओरडणे त्याचे काम. फोन मध्येच तुटला तरी तेच. मी वर मांडलेल्या कसोटीला हे पुरेपूर उतरते: निरोप पोचला नाही हे ज्याला कळू शकते, तो पोचवण्याची जबाबदारी त्याची. पत्र टाकणाऱ्याला ते कळत नाही, बोलणाऱ्याला कळते. म्हणून टपालाचा आणि टेलिफोनचा नियम वेगळा असण्यात विसंगती नाही.

पण खामगावच्या खटल्यात विमान गेलेले नव्हते. फोन तुटला नव्हता, शब्द ऐकले गेले होते, होकार पोचला होता. निरोप हरवण्याच्या धोक्याचा तिथे प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता, की पुरत्या ऐकल्या गेलेल्या होकाराचा करार कोणत्या गावचा मानायचा. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी आपल्या विरोधी मतात याच फरकावर भर दिला. मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूरला वकिली केलेले, इथल्या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात शिकवलेले आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले हे गृहस्थ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: टेलिफोन १८७२ मध्ये नव्हता हे खरे, पण कलम ४ चे शब्द त्याला सामावून घेण्याइतके रुंद आहेत. खामगावात होकार उच्चारला गेला, बोलणाऱ्याच्या हातून सुटला, प्रस्ताव मांडणारा बांधला गेला. तेव्हा करार खामगावचा. मला हे मत बहुमतापेक्षा सरस वाटते, आणि केवळ ते कलमाला जास्त धरून आहे म्हणून नव्हे. बहुमताने ‘कधी’ या प्रश्नासाठी घडलेला नियम ‘कुठे’ या प्रश्नाला लावला. पहिल्या प्रश्नात नियमाला कारण आहे: बोलणाऱ्याने खात्री करून घ्यावी. दुसऱ्या प्रश्नात ते कारण उरतच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम २० प्रतिवादी राहतो ते ठिकाण आधी पुढे करते. कोणालाही विनाकारण दूर ओढून नेऊ नये, हा त्यामागचा साधा विचार. माल, पैसा आणि प्रतिवादी हे तिन्ही खामगावात असताना ऐकणाऱ्याच्या कानावरून न्यायालय ठरवणे, हे त्या विचाराला धरून नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: काहीतरी एकच ठाम नियम तर हवा. बोलणाऱ्याचे गाव की ऐकणाऱ्याचे, यांत न्यायाचा फरक फारसा नसेल, पण वकिलाला आणि व्यापाऱ्याला आधीच माहीत असणे मोलाचे. हा आक्षेप वजनदार आहे. व्यापारात चुकीचा पण पक्का नियम बरोबर पण डळमळत्या नियमापेक्षा पुष्कळदा कमी त्रास देतो. मात्र ठामपणा बोलणाऱ्याच्या गावाचा नियम धरूनही तितकाच मिळाला असता. कलम ४ तर तेच सुचवत होते. शिवाय खुद्द इंग्लंडमध्ये हा ठामपणा टिकला नाही. १९८२ मध्ये ब्रिंकिबॉन खटल्यात लंडनच्या खरेदीदाराने व्हिएन्नाच्या पोलाद विक्रेत्याला टेलेक्सने होकार पाठवला होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने करार व्हिएन्नात झाला असे ठरवले, आणि एन्टोर्सचाच नियम लागल्यामुळे इंग्रज पक्षकाराच्या हातून घरचे न्यायालय गेले. पण लॉर्ड विल्बरफोर्स यांनी त्याच निकालात स्पष्ट केले, की सगळ्या प्रसंगांना पुरणारा एकच नियम नाही. पक्षांचा हेतू, व्यवहाराची रीत आणि काही वेळा धोका कोणी उचलणे रास्त, याचा विचार करूनच उत्तर द्यावे लागते. ज्या इंग्रजी नियमावर आपण आपले कलम बाजूला ठेवले, तो नियम त्याच्या मायदेशात मोकळा होत गेला. आपण मात्र खामगावला घट्ट धरून बसलो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. करार म्हणजे शेवटी माणसाने स्वतःवर घेतलेले बंधन. त्याच्या इच्छेला बाजूला सारून सगळे धोक्याच्या हिशेबात बसवले, तर करार आणि अपघाताची भरपाई यांत फरक काय राहिला? फरक राहतो. धोक्याची वाटणी करायची ती कोणी कोणाला काय सांगितले, यावरूनच. १८९२ चा कार्लिल खटला पाहा. कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने जाहिरात दिली: आमचे उपकरण सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर शंभर पौंड देऊ, आणि सचोटी दाखवायला हजार पौंड बँकेत ठेवले आहेत. जाहिरात एरवी प्रस्ताव मानली जात नाही; दुकानदाराच्या किंवा वृत्तपत्रातल्या आवाहनाला शेकडो लोकांनी होकार दिला तर तो माल कुठून आणणार? कंपनीच्या मनात पैसे देण्याचा विचार नव्हता, हेही खरे असावे. पण बँकेतल्या हजार पौंडांचा उल्लेख करून जो शब्द तिने जगापुढे ठेवला, त्यावर विसंबून एका बाईने उपकरण वापरले. वाचणाऱ्याने वाजवीपणे काय समजावे, यावर बंधन ठरले. माणूस स्वतःच्या शब्दाने बांधला जातो, पण त्या शब्दाचा अर्थ त्याच्या पोटात शिरून नाही, ऐकणाऱ्याच्या बाजूला उभे राहून लावायचा असतो.

बेसा आणि त्याच्या आसपासच्या वाचकाला हा विषय सगळ्यात जवळून भेटतो तो फ्लॅट आणि प्लॉटच्या बुकिंगमध्ये. नागपूरच्या दक्षिणेचा हा भाग शेतातून वस्तीत बदलत गेला, आणि त्याबरोबर रस्त्याकडेची होर्डिंगे, माहितीपत्रके, टोकनची रक्कम आणि इसारपावती हे सगळे आले. निव्वळ इंग्रजी नियमाने पाहिले तर होर्डिंग आणि माहितीपत्रक म्हणजे फक्त आवाहन; अर्ज भरणारा ग्राहक हाच प्रस्ताव मांडणारा, आणि होकार द्यायचा की नाही ते बिल्डरच्या मर्जीवर. म्हणजे पत्रकातल्या जलतरण तलावाचे पुढे काय होईल, हा धोका ग्राहकाचा. २०१६ च्या रेरा कायद्याने ही वाटणी उलटवली. कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या वा चुकीच्या विधानावर विसंबून कोणी रक्कम भरली आणि त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. कलम १३ प्रमाणे लेखी विक्रीकरार करून तो नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यातही हीच दिशा होती. तिथे मर्यादा वीस टक्क्यांची. माहितीपत्रक प्रस्ताव ठरत नाही हे तत्त्व रेराने मोडले नाही, त्याला हातही लावला नाही. फक्त त्यातून येणारा धोका ज्याला परवडतो आणि टाळता येतो, त्याच्याकडे सरकवला. नागपूरच्या कळमना बाजारातल्या लिलावाचा नियमही याच पठडीतला आहे. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडेपर्यंत, किंवा बाजाराच्या रूढ पद्धतीने सौदा पुकारला जाईपर्यंत, बोली मागे घेता येते.

दहा टक्क्यांच्या आतला टप्पा मात्र धूसरच आहे, आणि तिथे जुने प्रश्न नव्या साधनांवर उभे राहतात. ‘फ्लॅट तुमचा’ असा व्हॉट्सअ‍ॅप निरोप, त्यावर उंचावलेल्या अंगठ्याचे चिन्ह, मग यूपीआयने टोकन. यांत प्रस्ताव कोणता आणि होकार कोणता? जमिनीच्या मालकीचे हस्तांतर यातून होत नाही, पण टोकन परत मिळेल का, हा वाद यावरच ठरतो. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात २०२३ मध्ये निकाल लागलेल्या एका खटल्यात, जवसाच्या खरेदीदाराने पाठवलेल्या करारपत्राच्या फोटोला शेतकऱ्याने अंगठ्याचे चिन्ह पाठवले होते. मी फक्त फोटो मिळाल्याची पोच दिली, असे त्याचे म्हणणे होते. त्या दोघांत पूर्वी असे सौदे एक-दोन शब्दांच्या उत्तरावर झाले होते, हे पाहून न्यायालयाने ते चिन्ह होकार मानले आणि ८२ हजार डॉलरहून अधिक भरपाई लावली. वऱ्हाडातला जवस पिकवणारा शेतकरी आणि त्याचा अडत्या यांच्यात हाच वाद उद्या उभा राहू शकतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या बॉक्साइटच्या खटल्यात ई-मेलच्या देवाणघेवाणीतूनच करार झाल्याचे मानले. औपचारिक करारपत्रावर सही व्हायची राहिली होती, तरी महत्त्वाच्या अटी ठरल्या होत्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १३ इलेक्ट्रॉनिक निरोपाचे ठिकाण पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या व्यवसायाच्या जागेवरून ठरवते, सर्व्हर कुठे आहे यावरून नाही. मात्र करार त्यातल्या कोणत्या जागी झाला, हे ते कलम सांगत नाही. तिथे पुन्हा खामगाव.

व्यापाऱ्यांनी या सगळ्यावर आपला उपाय केव्हाच शोधला आहे. बिलाच्या तळाला एक ओळ छापलेली असते: सर्व वाद नागपूर न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात. पण ती ओळ वाटते तितकी बळकट नाही. १९७१ च्या हाकम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पक्षांना एकमेकांच्या संमतीने न्यायालय निवडता येते ते मुळात ज्यांना अधिकार आहे त्यांच्यातूनच. नसलेला अधिकार संमतीने निर्माण होत नाही. १९८९ च्या एबीसी लॅमिनार्ट खटल्यात ‘कैरा अधिकारक्षेत्र’ असे लिहिलेले असूनही सेलमच्या न्यायालयाचा अधिकार शाबूत राहिला, कारण ‘फक्त कैरा’ असे लिहिलेले नव्हते. पुढे २०१३ मध्ये न्यायालयाने ‘फक्त’ या शब्दावाचूनही पक्षांचा हेतू ओळखता येतो, असे म्हटले. बिलावरची ओळ उपयोगी पडण्यासाठी नागपूरचा त्या व्यवहाराशी काहीतरी संबंध आधी असावा लागतो. प्रतिवादी परगावचा असेल आणि माल परगावी द्यायचा असेल, तर तो संबंध दाखवायला पुष्कळदा उरते ती करार कुठे झाला हीच गोष्ट. फोन कोणी लावला, ‘हो’ कोण म्हणाले आणि ते कोणाच्या कानावर पडले, हे मग साक्षीपुराव्याने सिद्ध करावे लागते.